वडिलांना घेऊन ये!

दिवाळे, शनिवार, १४ मार्च १९६४, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज जुनी मोटार बघायला मुंबईच्या दुकानात गेलो होतो. निघताना आईनं केळीच्या पानात पापलेटं बांधून दिली. "पयल्यांदा कोनाच्या दारात जातंस, मोकल्या हातानी जाव नको." आमच्याकडे रीतच आहे ती. दुकानदारानं माझं नाव विचारायच्या आधी पुडकं घेतलं आणि आत पाठवून दिलं.

मग मी म्हटलं, एक चक्कर मारून बघतो. लायसन पुढे केलं. त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. "तू पोरगा आहेस. वडिलांना घेऊन ये, ते चालवून बघतील."

बाबा? बाबांना साधी सायकल येत नाही! आमच्या होडीचं मशीन चार वर्षं मी चालवतोय, आणि मी पोरगा?

वर म्हणतो, "सीटवर बसू नकोस, मासळीचा वास लागतो."

पापलेटांना नव्हता वास? तिथल्या तिथे परत का नाही मागितली मी? मुकाट्यानं बाहेर का पडलो?

घरी आलो तर आई दारातच उभी होती. "घेतली का रं त्यांनी मासली?"

"घेतली."

केवढी खूश झाली. म्हणाली, "मंग मोटार पन देतील."