घड्याळापायी विमानप्रवास

४ मार्च

आप्पा विमानानं जाणार! जेवता जेवता सांगितलं, कोपऱ्यावर जाऊन दाढीचं ब्लेड आणतो म्हणावं तितक्या सहज. सासऱ्यांचं वय सत्त्याहत्तर. आजवर विमान पाहिलंय ते गच्चीवरून, मान वर करून. आणि जाणार कशासाठी? तर शिवणवाल्या काकूंचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय म्हणून.

काकूंचं दुकान आप्पांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागून होतं. छत्तीस वर्षं मधे एक पातळ भिंत. सहा वर्षांपूर्वी त्या दुकान बंद करून लांब भाचीच्या गावी राहायला गेल्या. तिथं म्हणे चावीची घड्याळं उघडणारं कुणी उरलेलं नाही.

नवरा म्हणाला, "घड्याळासाठी कोण विमानानं जातं?"

आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताट स्वच्छ केलं आणि उठले.

५ मार्च

नवऱ्यानं तिकीट काढलं. मी बघते तर नाव आणि आडनाव उलटसुलट! सतरा वर्षं मी एवढ्या मोठ्या विमानकंपनीच्या काउंटरवर बसते, दिवसाला दोनेकशे माणसांच्या बॅगा तोलते, आणि माझ्याच घरात हे. नवरा म्हणतो, नाव मागे काय नि पुढे काय, माणूस तोच ना. माणूस तोच असतो रे, पण ओळखपत्रावर जसं आहे तसंच तिकिटावर लागतं. मागच्या महिन्यात एक नवी नवरी माझ्यासमोर रडली. तिकीट सासरच्या आडनावाचं, ओळखपत्र माहेरच्या आडनावाचं. गळ्यात हार अजून ताजा. मला काही करता आलं नाही. लोकांना वाटतं, काउंटरवरची बाई मुद्दाम अडवते.

तासभर फोन कानाला लावून बसले तेव्हा दुरुस्त झालं. आधी लक्षात आलं म्हणून बरं.

८ मार्च

ड्यूटीवरून आले की आप्पांची शिकवणी. जेवणाचं टेबल म्हणजे काउंटर. आप्पा वही घेऊन बसतात, तांबड्या पेन्सिलीनं खुणा करतात, दोनदा विचारतात. दोन तास आधी पोचायचं. विमान सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, मग मी सून असले तरी उघडणार नाही. हे ऐकून खूश झाले — वेळेचा माणूस! गोळ्या हातातल्या पिशवीत. मोबाइलची पॉवर बँकसुद्धा हातातच, मोठ्या बॅगेत अजिबात नाही.

चाकाच्या खुर्चीचं काढलं तेव्हा मात्र चेहरा पडला. म्हटलं, लाज कसली, आत फार चालावं लागतं, खुर्चीत बसणारे निम्मे लोक चांगले चालते-फिरते असतात. तर म्हणाले, मग ज्याला खरी गरज आहे त्याला खुर्ची मिळत नसेल.

रोज डोळ्यांसमोर तेच तर बघते.

९ मार्च

बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. मग बॅग कवटाळून वजनकाट्यावर उभे राहिले आणि नुसतं स्वतःचं वजन किती, हेच विसरले. मी हसून हसून बेजार. तेही हसले, पण उशिरा.

११ मार्च

आज वाजलं आमचं.

अवजारांची पेटी हातातल्या पिशवीत नेणार म्हणतात. बारीक पेचकस, चिमट्या, पोलादी सुया, एक छोटी हातोडी! म्हटलं, आप्पा, तपासणीला उभे राहाल आणि हे सगळं तिथल्या डब्यात जाईल. परत मिळत नाही. पेटी मोठ्या बॅगेत घाला, ती पोटात जाते विमानाच्या, तिथं चालतं.

"ही पेटी माझ्या वडिलांची. एक दिवस नजरेआड केलेली नाही," म्हणाले. "तुमच्या लोकांच्या हाती देऊ?"

तुमच्या लोकांच्या! मला लागलं. मी म्हटलं, हो, आमच्याच लोकांच्या हाती, रोज हजारो बॅगा जातात. आवाज जरा चढलाच. आप्पा खोलीत गेले. नवरा पेपरमागे लपला.

१२ मार्च

सकाळी पेटी माझ्यासमोर ठेवली. एकेक अवजार जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेलं. "तू म्हणतेस म्हणून," एवढंच. मी ती बॅगेच्या मधोमध ठेवली, भोवती स्वेटर. तेलाची कुपी मात्र काढून ठेवायला लावली. तेल तिथं मिळेल.

१४ मार्च

आप्पा गेले. सांगितलं होतं, थेट माझ्याजवळ या. ऐकतील तर शपथ! रांगेत उभे राहिले, अर्धा तास, इस्त्रीच्या शर्टात, तिकीट छातीशी धरून. नंबर आला तसे म्हणाले, "नमस्कार, बाई."

मीही मग नेहमीसारखं विचारलं. बॅग कुणी भरली?

"मी आणि माझ्या सुनेनं."

बॅगेला पट्टी लावली, तिचा चिटोरा बोर्डिंग पासाच्या मागे चिकटवला आणि सांगितलं, हा जपा, बॅग हातात येईपर्यंत. सरकत्या पट्ट्यावरून बॅग आत जाईपर्यंत आप्पा वाकून बघत राहिले. मागचे कुरकुरले. कुरकुरू देत!

संध्याकाळी फोन आला. आप्पा सुखरूप पोचले. बॅग पोचली नाही.

१५ मार्च

काही पत्ता नाही. मधे विमान बदलायचं होतं, नवऱ्यानं तिकीट काढलं ते पन्नास मिनिटांच्या फरकाचं. नाव तपासताना ते माझ्या नजरेतून सुटलं. मला कळायला हवं होतं. माणूस धापा टाकत का होईना दुसरं विमान गाठतो, बॅग कुठे धावणार?

आप्पा मात्र गडबडले नाहीत. हॉलमधून बाहेर पडायच्या आधीच चिटोरा दाखवून तक्रार लिहून दिली, पोच घेतली. वहीत होतं म्हणे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी सतरा वर्षं लोकांना सांगत आले — येईल हो बॅग, काळजी करू नका. आज तिकडच्या माणसानं फोनवर मला हेच सांगितलं. किती पोकळ लागतं ते!

नवऱ्यानं चहा करून दिला. जरा वेळानं म्हणाला, त्या पेटीतली चिमटी पणजोबांपासूनची होती.

माहीत आहे मला.

१६ मार्च

सापडली! मधल्या विमानतळावर एका कोपऱ्यात पडून होती. दुपारी घरपोच दिली. आप्पांनी एकेक अवजार उलगडून पाहिलं आणि मग मला फोन केला. सगळं जागच्या जागी.

विचारलं, दोन दिवस हातात अवजार नाही, केलंत तरी काय?

"बोलत बसलो," म्हणाले. "इतकी वर्षं भिंतीपलीकडून तिच्या मशीनचा आवाजच तेवढा ऐकला होता."

२० मार्च

घड्याळ सुरू झालं. चार दिवस लागले. असलं काम आप्पा एका दुपारी उरकतात, हे मला ठाऊक आहे, नवऱ्यालाही ठाऊक आहे. तो बूट घालता घालता म्हणाला, "आईला जाऊन नऊ वर्षं झाली." मी म्हटलं, हो. मग तो कामावर गेला. दार हळू ओढून घेतलं.

२१ मार्च

आप्पांचा फोन नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं.

२३ मार्च

काउंटरवर असताना आप्पांचा फोन आला. परतीचं दुसरं एक तिकीट काढ म्हणाले, शेजारच्या सीटचं. "काल आम्ही देवळात लग्न केलं. भाची साक्षीला होती. मुलाला तू सांग, मला धीर होत नाही."

काउंटर बंदची पाटी लावली, आत गेले, नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "विमान किती वाजता उतरतं? मोठी गाडी सांगावी लागेल. त्यांची शिलाई मशीन असेल बरोबर."