‘परखड’ कोणाला म्हणायचं

४ मार्च, अमरावती
प्राचार्य महिनाअखेर निवृत्त. मानपत्र मी लिहायचं. विभागप्रमुख, त्यातून मराठीचा. विशेषणांची यादी त्यांनीच पाठवली. पहिलं: परखड. संस्थेच्या अध्यक्षांपुढे हा माणूस खुर्चीत टेकून बसलेला कधी पाहिला नाही.

६ मार्च
वर्गात शिकवतो: परखड म्हणजे आडपडदा न ठेवता, आपल्याहून वरच्याला तोंडावर सांगणं. शिपायाला झापणं नव्हे.
तायडे आठवली. आमच्या विभागात नवी प्राध्यापिका, रोज अकोल्याहून एसटीने येते. जानेवारीच्या बैठकीत अध्यक्षांच्या पुतण्याचा प्रबंध उघडून म्हणाली, “हे चौथं प्रकरण आमच्या जुन्या विद्यार्थिनीचं हाय. तिचं नाव तं ठेवाचं होतं.” प्राचार्य खिडकीबाहेर पाहत होते. मीही.

७ मार्च
काल लिहायचं टाळलं ते. तायडेच्या गोपनीय अहवालात प्राचार्यांनी एकच शब्द लिहिला: उद्धट. खाली ‘सहमत’, माझी सही. घरी सांगितलं, न वाचता केली. वाचून केली होती. या अहवालावर तिची नोकरी कायम व्हायची की जायची. एप्रिलच्या बैठकीत.

११ मार्च
व्हरांड्यात तिला सगळं सांगितलं.
“सर, तुमाले तो शब्द खटकला नाही?”
“खटकला.”
“मंग?”
मी हजेरीपट चाळू लागलो. बस आहे म्हणत ती गेली.

१५ मार्च
प्राचार्यांना म्हटलं, शब्द बदला.
“मानपत्रातला?”
“अहवालातला.”
“काहून उकरून राहिले सर, आता जाता जाता?” चहा मागवला. मी प्यालो. त्याचाच राग जास्त.

२९ मार्च
मानपत्र चौकटीत बसवून आलं. सोनेरी अक्षरं, मजकूर माझा. परखड आहेच.
संध्याकाळी अध्यक्षांना पत्र लिहिलं. सहमती मागे घेतो. तायडे बोलल्या ते खरं होतं. मी गप्प बसलो. तीन ओळींना दोन तास.

३१ मार्च
निरोप समारंभ. वाचताना तो शब्द गाळला. ठरवलं नव्हतं, तोंडातून निघेना.
प्राचार्य हसत म्हणाले, “एक शब्द खाल्ला सर तुमी.” सभागृह हसलं. मी वाचन संपवलं, खाली उतरून अध्यक्षांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली, खिशात टाकली. “बैठकीत पाहू.” मग प्राचार्यांना हार.
फाटकाशी तायडे ऑटोची वाट पाहत होती. म्हटलं, सहमती मागे घेतली, अध्यक्षांना पत्र दिलं.
तिने येणाऱ्या ऑटोला हात केला.
“मंग?”