गेटवरची झडती

आई, तुझ्या कंपनीचा मसाला तुला आवडायचा का? मला हे सांगता येत नाही, आणि आता तुला विचारताही येत नाही. तुझ्या साडीला, केसांना त्याच मसाल्याचा वास असायचा, पण आपल्या डब्यात मात्र नेवाशाच्या बाजारातला सुटा मसाला. लहानपणी मी पुडा आणायचा हट्ट धरला, तेव्हा तू भाकरी तव्यावर तशीच ठेवून ओरडलीस, "गेटवर पिशवी उपडी करत्यात आमची. घरात पुडा दिसला तर लोक म्हनतील, चोरून आनला!" शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमचा मसाला कसा हाय गं?" तू म्हणायचीस, "आमी कुटं खातो?" मग काकू दुसऱ्याच कंपनीचा घ्यायच्या.

आता मी तुझ्याच कंपनीत मार्केटिंगला आहे. लेक घरातली पहिली पदवीधर म्हणून दादांनी पेढे वाटले. गेल्या महिन्यात शेठ म्हणाले, "आपल्या बायकांचे व्हिडिओ करा. घरी हाच मसाला वापरतो, असं सांगू दे. कामगारांच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटतं." मलाही पटलं. जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना विचारते, तर सगळ्या हसत सुटतात. तुझ्यासोबत काम केलेली मावशी मला मुद्दाम मॅडम म्हणते. "खोटंच बोलायचं तर पावडर लावून येते की, मॅडम. लई गोरी दिसंल!" हसणं ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, "तुमची पर्स कुनी उघडतं का वो?"

माझी कुणी उघडत नाही, आई.

मी अजून कायम झालेले नाही आणि घर माझ्या पगारावर चालतं. तरी शेठच्या केबिनमध्ये गेले. "व्हिडिओ मी करणार नाही. आधी गेटवरची झडती बंद करा, बायकांना मसाला घरी न्यायला द्या. आवडला तर त्या आपणहून गावभर सांगतील."

"आणि नाही आवडला तर?"

"तर तेही आपल्याला कळेल."

शेठनी फोन उचलून गेटवरच्या वॉचमनला बोलावून घेतलं. सोमवारी झडती बंद झाली. शनिवारी प्रत्येकीला पुडा मिळाला. मावशीनं तो पिशवीत टाकलाच नाही, हातात धरून एसटी स्टँडपर्यंत गेली. तिथं शेवगावच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कुठला गं ह्यो?" आणि मावशी सांगतेय, मिरची कशी निवडतो, कशी भाजतो, गाडी लागली तरी सांगतेय. मागं उभ्या उभ्या माझा जीव भांड्यात पडला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तू असतीस तरी मीच वाचून दाखवलं असतं. एक गोष्ट दादांनाही सांगितलेली नाही. केबिनमध्ये जाण्याआधी घाबरून मी पुण्यातल्या एका नोकरीसाठी अर्ज करून ठेवला होता. आज सकाळी तो मागे घेतला.