सगळं नावानिशी!

३ जानेवारी
ठरलं. पुस्तक लिहायचंच. टीव्हीवरच्या चर्चेचे प्रश्न सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस आदल्या दिवशीच चॅनलला पाठवतात आणि चॅनलचे संपादक ते निमूट विचारतात. हे सगळं नावानिशी लिहिणार! राजकीय वार्ताहर म्हणून इतकी वर्षं घासली, ती काय गप्प बसायला? बायको म्हणाली, आधी गॅलरीतली रद्दी हलवा.

१९ जानेवारी
पहिलं प्रकरण हातावेगळं. जबरदस्त. सरचिटणिसांची झोप उडणार. अटकही होईल. म्हणजे मला. बायकोला तशी कल्पना दिली. ती म्हणाली, त्याआधी गीझरवाल्याला फोन करा.

८ फेब्रुवारी
पुस्तकातून संपादकांचं नाव गाळलं. घाबरून नव्हे. मुलीला त्यांच्याच चॅनलमध्ये नोकरी लागली, पोरीच्या पोटावर पाय कशाला? ‘एक संपादक’ केलं. जाणकारांना कळतंच.

२ मार्च
हर्नियाचं ऑपरेशन झालं. सरचिटणीस स्वतः हॉस्पिटलात आले, फळं घेऊन. तब्येतीला जपा म्हणाले. ही धमकीच! पण बराच वेळ बसले, उशीही नीट केली. तसा माणूस वाईट नाही. शिवाय माझा लढा व्यक्तीशी नाही, प्रवृत्तीशी आहे. ‘एक बडा नेता’ केलं.

२० मार्च
प्रकाशकाचा वकील म्हणतो, पक्षाचं नावही काढा. मी ठाम नकार दिला. टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला, त्याच्या फायलींवर. मग फार ताणलं नाही. एका अर्थी बरंच झालं, पुस्तक आता कालातीत झालंय.

११ एप्रिल
प्रुफं आली. ‘एका बड्या नेत्याने एका पक्षासाठी एका संपादकाला...’ कोण कोणाला काय म्हणतंय, माझं मलाच कळेना. मुलीने विचारलं, बाबा, हे आपल्याच देशातलं ना? डोकंच फिरलं. तडक प्रकाशकाला फोन लावला, सगळी नावं परत घाला म्हटलं. तो म्हणाला, वेळ गेली, आता फार तर शुद्धलेखन. क्षणभर हायसं वाटलं. ते थकव्यामुळे असावं.

६ मे
प्रकाशकाने कहर केला. उद्याच्या प्रकाशनाला प्रमुख पाहुणे कोण, तर सरचिटणीस! मला विचारलंसुद्धा नाही. संताप संताप झाला. पण ठीक आहे, होऊन जाऊ दे समोरासमोर. भाषण तोंडपाठ केलंय. शेवटी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणणार, तो नेता हाच!

७ मे
सरचिटणिसांनी पुस्तक अक्षरन् अक्षर वाचलं होतं. म्हणाले, विरोधकांचा बुरखा टराटरा फाडलाय, आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. टाळ्याच टाळ्या. पहिल्या रांगेत विरोधी पक्षाचे प्रवक्ते बसले होते. तेही सरचिटणिसांकडे बघत मनापासून टाळ्या वाजवत होते.

मी उठलो. बोट वर केलं. सगळे थांबले. मी माइक चालू आहे का विचारलं आणि आभार मानले.

नंतर चहाच्या वेळी सरचिटणिसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, नेहमी त्यांच्यावरच काय लिहिता? एकदा आमच्यावरही लिहा की. घाबरता कशाला?