वरच्या खोलीतली फोडणी

अहो,

मी आपल्या उर्वीकडे बर्मिंगहॅमला जातेय, रविवारी येईन. तोवर ड्रायर लावू नका. काल जळका वास आला म्हणून मी त्याचा गरम हवा बाहेर सोडणारा पाइप काढून साफ केला, अजून परत जोडलेला नाही. आत कपड्यांचा उशीभर कापूस साठला होता. या जुन्या घराला एक ठिणगी पुरली असती.

त्या कापसात सिगरेटची थोटकं सापडली. घरात आपण दोघंच, मग कुणाची म्हणायची?

फोडणीने वाजतो असं सांगून ड्रायरच्या खोलीतल्या स्मोक अलार्मचा सेल तुम्ही काढलात. फोडणी मी खाली करते, ड्रायर वर आहे. सेल परत बसवलाय.

थोटकं तुमच्या हार्टच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली आहेत. त्यातलं काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, डॉक्टर.

सुहासिनी