माणसाच्या पेशींची प्लेट

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. प्रयोगशाळेत चार हजार झुरळं आणि आम्ही तिघं. झुरळाच्या मज्जातंतूंवर निरोप झेलणारे रिसेप्टर असतात. आमचं औषध तिथं ठाण मांडून बसतं, निरोप अडतो आणि झुरळ आडवं होतं. माणसाचे रिसेप्टर वेगळे, म्हणून आपण सुरक्षित. ती खात्री करायला दर औषधामागे माणसाच्या पेशींची एक प्लेट लावायची, ते काम माझ्याकडे. राहायला ताईकडे आहे. झुरळांच्या जिवावर पगार घेतोस, मग माझ्या ओट्याखालची कोण मारणार, असं तिनं सुनावलं.

११ जून
प्लेट उबवणपेटीबाहेर राहिली, पेशी मेल्या. नव्या यायला आठवडा. आमच्या प्रमुख बाईंना सांगायला जीभ रेटेना. मागच्या औषधाचे आकडे उतरवून दिले. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, असून असून काय फरक असणार? बाईंनी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ जून
नियम मोडून त्याच नव्या औषधाची एक बाटली घरी आणली. ताईनं आणि मी मिळून ओट्याखाली फवारलं. झुरळं पटापट उताणी. ताई खूश.

१७ जून
ताईच्या हातून कप पडला. बोटं थरथरत होती. दमलेय, म्हणाली.

१८ जून
ताईच्या पायांना झटके. झुरळांचे असेच झटके मी रोज मोजतो. भावोजींनी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही फवारलंत का. भावोजींना माहीत नव्हतं. मी नाही म्हणालो. नोकरीसाठी. लाज वाटते.

१९ जून, सकाळ
नव्या पेशी आल्या. प्लेट लावली. औषध माणसाच्या रिसेप्टरवरही बसतं — उठत नाही. ताईचा श्वास यंत्रावर. विष कळलं तर उतारा देता येईल, म्हणतात. सांगतो. आत्ताच —

दुपार
फोन लावला. जीभ वळेना. डॉक्टर हॅलो, हॅलो करत राहिले — आता हातही —
भावोजी, विष मी आणलं. बाटली धुऊन फेकली. प्रयोगशाळेच्या कपाटात हजारभर औषधं, क्रमांकाशिवाय ओळखू येत नाहीत. बाईंना सांगा, क्रमांक सातशे ए