डोळ्यांत बसलेलं

माय, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका डॉक्टर बाईंनी मला ऑटिझम असल्याचं सांगितलं, म्हणजे तू पाहुण्यांपुढं 'आमची जरा येगळीच हाये' म्हणून विषय मिटवायचीस, ते. त्या म्हणाल्या, डोळे मिटा आणि सीताफळ डोळ्यांसमोर आणा. मी विचारलं, कोणतं? मला नुसतं सीताफळ दिसत नाही. मामानं देवगाव रंगारीहून आणलेलं, देठाजवळ काळं पडलेलं, तू वर्तमानपत्रावर ठेवलेलं दिसतं, आणि त्या पानावरची अर्धी जाहिरातही. ऑटिझम असलेल्या सगळ्यांचंच असं नसतं म्हणे. काहींना डोळे मिटले की काहीच दिसत नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

तुला हे कोणी सांगावं लागलं नव्हतं. मी दहा वर्षांची आहे. तू मला गुलमंडीत एका दुकानाच्या काचेपुढं उभी करतेस, पुतळ्याच्या अंगातल्या ब्लाऊजची पाठ दाखवतेस. घरी शिलाई मशीनशेजारी बसवून म्हणतेस, "काढ आता. नुसती शिलाई काढ, बाकीचं नको." मी रेघ न् रेघ काढते. त्यावरून तू एका नवरीचा ब्लाऊज शिवलास आणि ऐन हळदीच्या दिवशी तिला हात वर करता येईना. ब्लाऊज पुतळ्याला सैल होत होता म्हणून दुकानदारानं मागून पिना लावल्या होत्या. त्या पिनांनी पडलेल्या चुण्या मी काढल्या आणि तू त्या शिवून टाकल्यास.

"पिना दिसल्या नाय का गं तुला?"

"दिसल्या. नऊ होत्या. तू शिलाईच काढ म्हणालीस."

तू लाकडी पट्टीनं हाणलंस, मग माझ्या पाठीला तेल लावता लावता रडलीस. पण पाठीवरचा तुझा हात मला तेव्हा दिसला नव्हता, म्हणून आताही दिसत नाही. पट्टी दिसते. या गोष्टीचा मला अजून राग आहे, तुझाही आणि माझ्या या डोक्याचाही.

मग तुला कॅन्सर झाला. केस गेले, तोंड सुजलं. एका दुपारी दवाखान्यात तू म्हणालीस, "उद्यापासून येऊ नको. तुझ्या डोळ्यात बसलं की निघत नाय. मला अशी ठिवू नको. मी किती बी बोलावलं तरी आत यायचं नाय, व्हय?" मी व्हय म्हणाले. तुझ्या जलदान विधीला मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आई मरत व्हती अन् ही फिरकली नाय. दगड हाये नुसता." तू सांगितलेलं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

तुझ्या मनासारखं झालं म्हण. तू मला मशीनवर वाकलेली दिसतेस, दातांत दोरा धरलेली, लांब वेणी पुढं आलेली. पण मी रोज येत होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मावशी जेवायला घरी गेली की वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभी राहायचे. शेवटच्या दुपारी तू मला हाक मारलीस, आधी नावानं, मग नुसतंच, "ये गं बाई, ये." शब्द दिला होता म्हणून मी आत आले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा इथं तरी खरं लिहिते. शब्दाचं निमित्त झालं. मलाच तुला तसं बघायचं नव्हतं.